मामलेदाराची ओढ

कौलांच्या जहाजावरचा मामलेदार आपल्याला पाहून पाठ फिरवतो, ही गोष्ट सुगंधा कुबलने पाच वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. यंत्रच ते रोज सांगत होतं, आणि तेही आकड्यात.

मामलेदार म्हणजे एक गोबरा मासा. चांगला साडेतीन फूट लांब, अंगावर तपकिरी ठिपके आणि खालचा ओठ कायम पुढे काढलेला. कांदळबंदरापासून होडीने अर्ध्या तासावर, छत्तीस फूट पाण्यात एक जुनी आगबोट आडवी पडलेली आहे. मंगळूरहून कौलं घेऊन निघाली आणि इथल्या खडकावर फुटली. तिच्या बॉयलरच्या तोंडाशी हा मासा बसून असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, की जणू आधी कागदपत्रं दाखवा, मग पुढे जा. नाव सुगंधानेच ठेवलेलं. तेव्हा तो वीतभर होता.

त्या सकाळी पाणी नितळ होतं. सुगंधा बॉयलरपाशी गुडघे दुमडून तरंगत राहिली. तिच्या पाठीवर नव्या धर्तीचा सेट होता, रिब्रीदर. त्यात सोडलेला श्वास गाळून पुन्हा वापरला जातो, बुडबुडे येत नाहीत, आवाज होत नाही. मामलेदार तिच्यापासून चार हातांवर होता. तिने तळहात उघडा धरला. पूर्वी तो हाताखाली येऊन घासून जायचा.

तेवढ्यात नांगराच्या दोरीवरून रसिका, तिची धाकटी जाऊ, दोन पर्यटकांना घेऊन खाली उतरली. मामलेदाराने कल्ले उघडले, शेपटीचा एक फटका मारला आणि सुगंधाच्या खांद्याला वळसा घालून तो सरळ रसिकेकडे गेला. त्याच्यामागून तांबोशी माशांचा थवा गेला. कौलांच्या थप्प्यांतून लहान गोबरेही बाहेर आले. रसिकेच्या भोवती सगळा दरबार भरला. ती मुखवट्याआडून हसत असणार. सुगंधाला ते इतक्या लांबूनही दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं.

वर होडीत तिचा नवरा दिगंबर यंत्राच्या पडद्याच्या पाटीवरचे आकडे बघत बसला होता.

"रसिकेचे एक्क्याऐंशी," तो म्हणाला.

"माजे सांगू नकात."

"एकोणीस."

"मी इचारलंय?"

"नाय इचारलंस. पण उद्या समितीवाले इचारतीत, तेवा ठाऊक असलेले बरे."

टॉवेलने केस पुसता पुसता तिने पाण्याकडे पाहिलं. रसिकेचे बुडबुडे वर येत होते, आणि ते सुद्धा तिला आज मिजासखोर वाटले.

*

सुगंधा अठ्ठावन्न वर्षांची होती. या किनाऱ्यावर पाण्याखालच्या पर्यटनाचं नवं वारं आलं तेव्हा पहिल्या तुकडीत सतरा पुरुष होते आणि ती एकटी बाई. अंगाला येईल असा पोशाखच नव्हता. गुडघ्यापाशी आणि कमरेशी ओढणीच्या पट्ट्या बांधून ती उतरायची. गावातल्या बायका बंदरावर येऊन बघत उभ्या राहायच्या आणि ती वर आली की विचारायच्या, "काय दिसला गो?" तेव्हा खाली काय नव्हतं. हरणाच्या शिंगांसारखं पोवळं होतं, माणसाच्या डोक्याएवढे गोळे होते, आणि त्यांच्यात जांभळ्या पंख्यांसारखं काहीतरी सतत हलत असायचं. पुढे दोन उन्हाळे असे आले की समुद्र कढत झाला आणि तीन आठवड्यांत सगळं पोवळं पांढरं पडलं. त्या वर्षी ती रोज खाली जाऊन नुसती बसायची, जशी माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसतात. जहाजातल्या कौलांवर पोवळ्याचे नवे कोंब धरले, ते सगळ्यांत आधी तिने पाहिले. मामलेदार त्याच वर्षीचा.

रसिका घरात आली ती कुडाळकडची, विहिरीत डोकावायलाही घाबरणारी. तिचा नवरा, म्हणजे सुगंधाचा दीर, गोव्याला बोटी बांधण्याच्या कारखान्यात होता आणि शनिवारी घरी यायचा. एकटीने घरात बसून काय करणार, म्हणून सुगंधानेच तिला पाण्यात घातलं. पहिले सहा महिने रसिका तिचा दंड सोडत नसे. दंडावर नखांचे चार चंद्र उमटायचे. वर आल्यावर दिगंबर म्हणायचा, "खेकड्यान धरला काय गो?"

आता त्याच रसिकेचे एक्क्याऐंशी झाले होते.

हा आकडा काय होता, ते सांगायला हवं. मासे माणसं ओळखतात, ही गोष्ट पाण्यात राबणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होती. शास्त्रज्ञांनी ती प्रयोगाने पाहिली, आणि मग माशांचे चेहरे वेगळे ओळखणारी यंत्रं आली. माशाच्या गालावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याला नसतात. दोन वर्षांपूर्वी डॉ. शबनम मुकादम रत्नागिरीहून आल्या आणि त्यांनी जहाजाच्या फासळ्यांवर बारा कॅमेरे आणि बारा ध्वनिग्राहक बसवले. कोणता मासा कोणत्या माणसाला पाहून जवळ येतो, कोणता लपतो, किती वेळ खाणं सोडतो, या सगळ्याचा हिशेब करून यंत्र शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचं. त्याला मुकादमबाईंनी 'ओढ' असं नाव दिलं.

हेतू चांगला होता. गोबऱ्यांची वीण कमी झाली होती. अनोळखी माणूस जवळ आला की ते दोन-दोन दिवस अंडी घालत नाहीत, असं बाईंना दिसून आलं. म्हणून बंदराच्या पर्यटन समितीने ठरवलं, की या मोसमापासून जहाजाजवळ एकच मार्गदर्शक जाईल, ज्याची ओढ सगळ्यांत जास्त आहे तो. बाकीच्यांनी बाहेरच्या खडकावर काम करावं. कुबलांच्या घराकडेच जहाजाचं काम होतं, त्यामुळे निवड दोघींतच होती. अखेरचं मोजमाप आठ दिवसांवर आलं होतं.

बाहेरचा खडक म्हणजे ओसाड माळ. सुगंधाने तिथे आयुष्यात चार वेळा पाय ठेवला असेल.

*

घरात कुणी काही बोलत नव्हतं. भांडी मात्र जरा जास्त वाजत होती.

दुपारी रसिकेने बांगड्यांचं तिखलं केलं होतं. दिगंबर जेवता जेवता म्हणाला, "बरा झाला हा."

"तिच्या हाताकच गुण आसा," सुगंधा म्हणाली. "जित्ते मासे पाठसून येतत, मेलेले ताटात येतत."

रसिकेचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. "वैनी, मी काय केलंय?"

"तू खंय काय केलंस? मी तुझी स्तुती करतंय."

"मी समितीक सांगान, माका नको म्हणान."

"म्हंजे लोक म्हणतीत, थोरलेन रडान घेतल्यान." सुगंधाने ताटाभोवती पाणी फिरवलं. "सांगू नको काय. यंत्र काय सांगता ता बघूया."

रसिकेने हे बोलून दाखवलं, याचाच तिला जास्त राग आला. दान करायला निघाली. मागच्या पडवीत जाऊन ती हात धूत राहिली. धाकटीचा चेहरा गोड आहे, बोलणं लाघवी आहे, दिराला तिने मुठीत ठेवलंय, दिगंबरलाही तिचं तिखलं बरं लागतं, इथवर सगळं तिने सोसलं होतं. माणसांचं काय, माणसं भुलतात. पण मासा भुलत नाही, असं ती चौतीस वर्षं पर्यटकांना सांगत आली होती. माशाला तोंडदेखलं वागता येत नाही.

मग त्याला तिच्यात काय दिसलं, हा विचार तिला सोडेना. रसिकेसारखे हिरवे पंखे तिने पायात घालून पाहिले. तिच्यासारखे हात छातीशी दुमडून पाहिले. एकदा रिब्रीदर ठेवून गोदामातला साधा, बुडबुड्यांचा सेट लावून ती गेली. मामलेदाराने ओठ आणखी पुढे काढला आणि बॉयलरमध्ये शिरला.

*

मोजमापाला चार दिवस राहिले असताना मुकादमबाईंनी तिला बंदरावरच्या त्यांच्या खोलीत बोलावलं. जहाजावरच्या पोवळ्याच्या जुन्या जागा नकाशावर दाखवायच्या होत्या. ते काम झाल्यावर बाई उत्साहाने म्हणाल्या, "सुगंधाताई, एक गंमत ऐकवते. रसिकाताईंना मासे कशावरून ओळखतात, ते आम्हाला परवा सापडलं."

"कशावरून?" सुगंधाने जितकं सहज विचारता येईल तितकं विचारलं.

"चेहऱ्यावरून नाही. आम्ही आधी तसंच समजत होतो. पण बघा, मासे त्या दिसायच्या आधीच निघतात. म्हणजे आवाज. आपल्याला शिटीसारखे बारीक आवाज चांगले ऐकू येतात, गोबऱ्यांना ते कळतही नाहीत. त्यांना जाड, खर्जातले आवाज कळतात, कारण ते स्वतः तसेच हुंकारतात. रसिकाताईंच्या उच्छ्वासात नेमकी तशी एक घरघर आहे. दर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनं. माशाला वाटत असेल, आपल्यातलंच कुणीतरी आलं. आणि लहान मासे मोठ्यांचं बघून शिकतात, म्हणून सगळा थवा येतो."

बाईंनी कळ दाबली.

खोलीत आधी पाण्याचा गडगडाट आला, आणि मग एक लांब, ओलसर, ओठ थरथरवल्यासारखा आवाज. घुर्रर्र. थांबला. पुन्हा घुर्रर्र.

सुगंधाने खुर्चीचा हात धरला.

तो रसिकेचा श्वास नव्हता. तो तिच्या जुन्या रेग्युलेटरचा आवाज होता. तोंडात धरायच्या त्या डब्यात श्वास बाहेर जायच्या वाटेवर रबराची एक पातळ चकती असते. तिच्या रेग्युलेटरातली चकती उन्हात राहून एका कडेला वाकली होती. श्वास सोडला की ती फडफडायची. दिगंबर त्याला घोरणारा म्हणायचा. "रात्री मी घोरतंय आणि दिवसा तू," असा त्याचा विनोद होता. अठरा वर्षं तिने तो बदलला नाही. इतका अंगवळणी पडला, की पुढे पुढे तो तिला ऐकूही येईनासा झाला. आणि समितीने तिला सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून रिब्रीदर दिला, त्या दिवशी तिने तो रेग्युलेटर रसिकेला देऊन टाकला. नुसता दिला नाही. रसिका त्या दिवशी पहिल्यांदा पर्यटक घेऊन एकटी उतरणार होती, म्हणून होडीवरच तिला बसवून, तांदूळ, नारळ आणि त्याच्यावर तो रेग्युलेटर, अशी तिची ओटी भरली. होडीतले सगळे हसले होते. रसिकेने पदर नाही म्हणून टॉवेल पसरला होता.

"काय झालं?" मुकादमबाईंनी विचारलं.

"काय नाय. पंखो जरा मोठो करा."

ती बाहेर आली तेव्हा तिला धावावंसं वाटत होतं. मासे तिलाच ओळखत होते. पाच वर्षं मामलेदार तिच्याच मागे फिरत होता. ती स्वतः मुकी होऊन समोर बसली होती आणि तो बिचारा तिला दुसरीकडे शोधत होता. बंदराच्या पायऱ्या उतरता उतरता तिला हसू आलं. शेवटच्या पायरीवर ते हसू मावळलं. कारण ओटीत घातलेली वस्तू परत मागता येत नाही. बाईंना खरं सांगितलं तरी काय होणार? वस्तू जिची, आवाज तिचा. समिती म्हणेल, छान, वाजवा ती आणि रसिकेलाच पाठवा.

आणि रसिका म्हणेल, घ्या वैनी, तुमचंच आहे. डोळ्यांत पाणी आणून म्हणेल. ते तर मुळीच सोसणार नव्हतं.

*

घरातल्या सगळ्या सेटांची साफसफाई सुगंधाच करायची. पडवीत एक लाकडी फळी होती, तिच्यावर बारीक पकडी, सिलिकॉनची ट्यूब आणि सुट्या भागांची डबी. मोजमापाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने नेहमीप्रमाणे रसिकेचा रेग्युलेटर खोलला.

चकती तळहातावर घेतली. रुपयापेक्षा थोडी मोठी, काळी, एका बाजूला पिंपळपानासारखी वळलेली. तिने डबीतून नवी चकती काढली, मधलं बोंड ओढून बसवली, झाकण लावलं आणि तोंडाला लावून श्वास सोडला. आवाज नाही. पाणी गळायचंही आता थांबणार होतं. कुणी विचारलं असतं तर तिने छातीठोकपणे सांगितलं असतं, की जुना भाग झिजला होता, बदलला. खोटं त्यात काहीच नव्हतं. तरी झाकण नीट बसलं का, ते तिने तीनदा तपासलं.

जुनी चकती तिने गोदामातल्या साध्या सेटमध्ये बसवली. त्याच घडणीचा होता तो.

"झाला वैनी?" आतून रसिकेने विचारलं.

"झाला."

"पाण्याचो थेंब येय होतो त्येतून."

"आता येवचो नाय," सुगंधा म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होडी जहाजावर उभी राहिली. मुकादमबाई पाटी घेऊन पुढे बसल्या, दिगंबर इंजिनापाशी. वीस-वीस मिनिटं प्रत्येकीला द्यायची होती. पाळी रसिकेची आधी.

रसिका पाठमोरी होऊन पाण्यात पडली. तिने हाताने खूण केली आणि दोरीला धरून खाली गेली. पाटीवर एक हिरवा ठिपका सरकू लागला, तो म्हणजे रसिका. भोवती पिवळे ठिपके, ते मासे. सुगंधा बाईंच्या खांद्यावरून बघत होती. हिरवा ठिपका बॉयलरकडे गेला. पिवळे ठिपके मागे सरकले. मामलेदाराचा मोठा ठिपका बॉयलरमध्ये जाऊन बसला.

"असं कसं," बाई पुटपुटल्या.

आकडा सहावर होता. पाचवं मिनिट झालं नव्हतं.

सुगंधाला जे हवं होतं ते समोर घडत होतं. तिने ते डोळे भरून पाहायचं ठरवलं होतं. पण हिरवा ठिपका जरा विचित्र वागत होता. तो पुढे जाईना. एका जागी गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि मग सरळ दोरीकडे निघाला.

"ती वर येता," दिगंबर उठला. "येळ झालो खंय अजून?"

रसिका वर आली ती धापा टाकत. दोन्ही हातांनी तिने होडीची कड पकडली होती. दिगंबरने तिला ओढून आत घेतलं. मुखवटा काढल्यावर दिसलं, ओठ पांढरे पडले होते. बाई विचारत होत्या, हवा बरोबर येत होती का, छातीत दुखतंय का. रसिका मान हलवत राहिली.

"हवा बरोबर आसा," ती शेवटी म्हणाली. "पण आवाज नाय."

तिने हे बाईंना सांगितलं, पण बघत होती सुगंधाकडे.

सुगंधाने साधा सेट पाठीवर चढवला आणि पाण्यात उडी घेतली. वर बसून ती नजर सोसण्यापेक्षा खाली जाणं सोपं होतं.

पंधरा फुटांवर तिने पहिला मोठा श्वास सोडला. घुर्रर्र. कवटीतून, दातांतून, छातीच्या पिंजऱ्यातून तो आवाज फिरला. आणि जहाज जागं झालं. तांबोशींनी एकदम तोंडं वळवली. कौलांच्या फटींतून लहान गोबरे निघाले. मामलेदार बॉयलरमधून सरळ वर आला, इतका जवळ, की त्याच्या डोळ्याची सोनेरी कड दिसली. तिने तळहात उघडला. तो खालून घासून गेला. पाच वर्षांनी. मुखवट्यात पाणी साठू लागलं, ते समुद्राचं नव्हतं.

वर आल्यावर बाईंनी आकडा सांगितला. अठ्ठ्याऐंशी. पण त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. त्या दोन्ही ध्वनिरेखा शेजारी ठेवून बघत होत्या. "हे पटत नाही," त्या म्हणाल्या. "ती घरघर आज सुगंधाताईंच्या श्वासात कशी? समितीला कळवण्याआधी मला..."

"ती वैनींचीच आसा," रसिका मध्येच म्हणाली. ती टॉवेल गुंडाळून बसली होती. "पयल्यापासून त्येंचीच. माझ्याकडे पाच वर्सां होती इतक्याच. जहाज त्येंका द्या."

तिने एवढं सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. दिगंबरने इंजिन सुरू केलं.

*

घरी आल्यावर सुगंधा पडवीतल्या फळीपाशी उभी होती. रसिका आली आणि तिने आपला रेग्युलेटर फळीवर ठेवला.

"चकती तुमी काडलास?"

"होय."

"माका इचारला असतास तर मी दिली असतंय."

"म्हणानच इचारूक नाय."

रसिका फळीच्या कडेवरचं सिलिकॉन नखाने खरवडत बोलू लागली. "मी अजून भियतंय पाण्याक, वैनी. तुमका वाटला, माझी भीती गेली. खंयची जाता? पयल्या वर्सा तुमच्या दंडाक धरून जाय होतंय तेवा कानात ती घरघर असायची. तुमी एकटेक सोडलास तेवा ता यंत्रच ओटीत घातलास. मगे माका वाटायचा, तुमीच बाजूक आसास. पाण्याचो थेंब घशात जायचो, तरी बदलूक नाय. माशांचा माका काय माहीत? ते येयत, मी बघी. मी त्या आवाजाक धरून खाली जाय होतंय."

सुगंधाने पकड उचलली आणि रेग्युलेटरकडे हात पुढे केला. "हाड तो. परत बसवतंय."

"नको."

"अगो, जहाज तू घे. मी सांगतंय बाईंक."

"माका जहाज नको नि चकती पण नको." रसिकेचा आवाज चढला नव्हता. "आज खाली गेलंय नि बाजूक कोण नव्हता. तसाच जावक शिकतंय आता."

ती आत गेली. सुगंधाच्या हातात पकड तशीच राहिली. धाकटीने एकदा तरी तोंड टाकून बोलावं, असं तिला वाटत होतं. ते काही झालं नाही. संध्याकाळी भातही वेळेवर झाला.

*

मोसमभर सुगंधा जहाजावर गेली. आकडा नव्वदीच्या आसपास असायचा. पर्यटक वर आले की म्हणायचे, ताई, मासे तुमच्यावर जीव टाकतात. ती हसायची. जानेवारीत एकदा खाली कुणी नसताना तिने पाठीच्या सेटला असलेलं दुसरं तोंड, अडचणीसाठी ठेवलेलं, तोंडात घेतलं. त्यातून श्वास मुकाट जायचा. मामलेदार तिच्या हाताखाली होता. तो थांबला. कल्ले दोनदा हलले. मग त्याने ओठ पुढे काढला आणि एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघत मागे मागे गेला. तिने पुन्हा घोरणारा तोंडात घेतला. तो पुन्हा आला. त्यानंतर तिने तळहात उघडा धरणं सोडून दिलं.

रसिका रोज बाहेरच्या खडकावर जायची. तिथे पर्यटक फारसे जात नसत. मुकादमबाईंनी तिथेही चार कॅमेरे लावले होते, कारण घोरण्याचा आवाज कधीच न ऐकलेले मासे त्यांना तपासायचे होते. नोव्हेंबरात आकडा शून्य. डिसेंबरात शून्य. "थंय काय करतंस दिवसभर?" दिगंबर विचारायचा. "बसतंय," ती म्हणायची. पहिल्या महिन्यात ती पंधरा फुटांच्या खाली गेली नव्हती. दोरी धरून थांबायची आणि वर यायची. मग वीस फूट झाले. मग तळ.

मार्चच्या शेवटी एके सकाळी होडी बंदराला लागताना मुकादमबाई पाटी उंच धरून धावत आल्या. "सुगंधाताई, हे बघा."

पाटीवर बाहेरचा खडक होता. हिरव्या ठिपक्याच्या मागे एक पिवळा ठिपका होता. एकच. हिरवा जिथे जाई तिथे तो दोन हातांचं अंतर राखून जात होता. हिरवा थांबला की थांबत होता.

"आज सलग सहावा दिवस," बाई म्हणाल्या. "वीतभराचं गोबऱ्याचं पोर आहे. आवाज तपासला, काही विशेष नाही. साधा श्वास, जसा कुणाचाही असतो. तरी तो पंचवीस जणांतून रसिकाताईंचा ओळखतो. ओढ म्हणाल तर तीन. पण ही तीन शून्यातून आलीये."

सुगंधा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. ओळखीचा हेवा पुन्हा वर आला. मोसमाआधी एक्क्याऐंशी बघून यायचा तसाच, पण ह्याला तळ नव्हता. त्या वेळी तिचंच तिला परत हवं होतं. ह्या वेळी जे समोर होतं ते कधी तिचं नव्हतं. असा एकही मासा तिच्याकडे कधी आला नव्हता, मामलेदारसुद्धा.

रसिका बंदराच्या पायरीवर बसून पायातले हिरवे पंखे काढत होती. सुगंधा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. तिची सावली पंख्यांवर पडली, तसं रसिकेने वर पाहिलं.

"नाव काय ठेवलंस त्येचा?"

"अजून नाय ठेवूक."

"उद्या माका घेऊन चल गो बाहेरच्या खडकार," सुगंधा म्हणाली. "एक दिस जहाज बंद ऱ्हवांदे. मी तुझ्या मागे ऱ्हवान. घोरणारो नको, साधा तोंड लावन."

रसिकेने पंख्यातली वाळू झटकली. "थंय तुमका कोण वळखूचो नाय, वैनी."

"म्हणानच," सुगंधा म्हणाली, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली.